आराखडे जाळले, तरी परत आला: 'कोलोसस' कॉम्प्युटरची गोष्ट

इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कच्या आवारात 'नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग' आहे. तिथे सुमारे २,५०० व्हॉल्व्हचा, खोलीभर पसरलेला एक कॉम्प्युटर आजही चालताना बघायला मिळतो. त्याचं नाव कोलोसस.

त्याचं काम काय होतं?
दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे वरिष्ठ सेनाधिकारी 'लॉरेन्झ' यंत्राच्या सांकेतिक भाषेत संदेश पाठवायचे. ते फोडायला मदत म्हणून ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स यांनी कोलोसस बनवला. १९४४ मध्ये तो कामाला लागला. कागदी पट्टीवरची ५,००० अक्षरं तो एका सेकंदात वाचायचा. अनेकांना वाटतं, त्याने 'एनिग्मा' फोडलं. पण त्यासाठी 'बॉम्ब' नावाचं वेगळं यंत्र होतं.

मग तो गायब कसा झाला?
युद्ध संपल्यावर गुप्ततेसाठी बहुतेक कोलोसस मोडून टाकले. पुढे आदेश आला आणि फ्लॉवर्स यांनी आराखडे स्वतःच्या हाताने जाळले. १९७० च्या दशकापर्यंत जगाला त्याचा पत्ताच नव्हता. तोवर 'पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' हा मान अमेरिकेच्या एनिॲकच्या नावावर रुजला होता.

परत कसा आला?
१९९३ मध्ये टोनी सेल यांनी तो पुन्हा बांधायला घेतला. हाताशी होते मोजके फोटो, काही इंजिनिअरांनी जपून ठेवलेले आकृत्यांचे कागद आणि त्यांच्या आठवणी. २००७ मध्ये काम पूर्ण झालं. युद्धात कोलोसस जिथे चालायचे, त्याच 'ब्लॉक एच' इमारतीत तो आज उभा आहे.

जाणार असाल तर: ब्लेचली पार्कचं तिकीट इथे चालत नाही, वेगळं काढावं लागतं.