गोगलगाय : अंडी व पिल्ले यांचे संगोपन

मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील शंखधारी प्राण्यांनी अंडी घातल्यापासून पिल्लांचा शंख बोटाच्या दाबाला टिकण्याइतका कठीण होईपर्यंत बंदिस्त जागेत त्यांची जी निगा राखावी लागते, तिचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. भूचर जातींच्या बाबतीत ही निगा ओलावा, हवा व कॅल्शियम या तिहींवर अवलंबून असते. आणि त्यांपैकी कॅल्शियमचीच हेळसांड सर्वाधिक होत असल्याने त्याचे विवेचन येथे विस्ताराने केले आहे.

अंडी : बहुसंख्य भूचर गोगलगायी उभयलिंगी असल्याने समागमानंतर जोडीतील दोन्ही प्राणी अंडी घालण्यास समर्थ असतात. ओल्या, भुसभुशीत मातीत खळगा करून त्यात अंड्यांचा पुंज सोडावा आणि तेथून निघून जावे, एवढेच मातेचे कर्तव्य असते. पुढील संरक्षणाचा भार निसर्गावर, आणि पाळीव प्राण्याच्या बाबतीत सर्वस्वी पाळणाऱ्यावर पडतो. शंखी गोगलगाय या नावाने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांस परिचित झालेली आफ्रिकी जाती, लिसाकॅटिना फ्यूलिका, हिची अंडी पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी, सुमारे 4 ते 5 मिमी. व्यासाची असून एका पुंजात ती 100 ते 400 पर्यंत भरतात व उबदार हवेत साधारणतः एक ते तीन आठवड्यांत फुटतात.

अंडी सापडल्यावर ती चमच्याने, सभोवतालच्या मातीसह उचलून झाकणाच्या लहान डब्यात हलवावीत, खाली-वर दोन-दोन बोटे ओलसर माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घालावा, आणि झाकणाला बारीक छिद्रे पाडून ती मलमलीने झाकावीत. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, परंतु तिच्यातून पाणी निथळू नये, हे ओलाव्याचे प्रमाण होय. अंड्यांस श्वसनासाठी हवा लागते. पाणी साचलेल्या मातीत ती गुदमरतात आणि कोरड्या मातीत आकसतात. बुरशी आलेली अंडी ताबडतोब वेगळी काढावीत. अंडी उचलताना त्यांची मूळची बाजू वर ठेवणे आवश्यक आहे किंवा कसे, याविषयी पाळणाऱ्यांत मतैक्य नाही.

कॅल्शियम : अंड्याचे कवच हा गर्भाचा केवळ निवारा नसून त्याची शिदोरीही असते. वाढणारा गर्भ कवचातील कॅल्शियम शोषून आपल्या शंखाचा प्रारंभीचा वेढा रचतो, त्यामुळे फुटण्याच्या सुमारास कवच पातळ झालेले आढळते. आणि बाहेर पडलेले पिल्लू प्रथम तेच उरलेले कवच खाते, प्रसंगी शेजारचे न फुटलेले अंडेही. म्हणून स्वच्छतेच्या अतिउत्साहाने रिकामी कवचे काढून टाकणे म्हणजे पिल्लाच्या पहिल्या अन्नावर घाला घालणे होय. मातेस अंडी घालण्यापूर्वी पुरेसे कॅल्शियम मिळालेले नसेल, तर ही उणीव पुढच्या पिढीत उतरते.

कॅल्शियमचा पुरवठा करण्यासाठी कोंबडीच्या अंड्याची टरफले उकळून, वाळवून, वस्त्रगाळ करून मातीवर शिंपडावीत, किंवा काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे समुद्रफेन, म्हणजे माकुलासारख्या सागरी प्राण्याचे अंतःकवच, तुकडा करून डब्यात ठेवावे. पिल्ले आपल्या खरबरीत जिभेने ते खरवडून खातात. पानाबरोबर खाण्याचा चुना मात्र कदापि देऊ नये. टरफलात आहे ते कॅल्शियम कार्बोनेट; पानाचा चुना हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असून त्याच्या दाहक अल्कधर्माने गोगलगायीचे उघडे, श्लेष्मल शरीर भाजते, आणि याच गुणामुळे शेताच्या बांधावर चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढून तिला रोखण्याची शिफारस केली जाते. धातू एकच असता एक संयुग जीव वाढवते व दुसरे जीव घेते, हा भेद नवशिक्याच्या मनावर प्रथम बिंबवला पाहिजे.

पिल्ले : एका पुंजातील अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. पिल्ले प्रथम काही दिवस मातीतच राहतात. ती वर आली नाहीत म्हणून माती उकरण्याची घाई करू नये. त्यांचा शंख अर्धपारदर्शक व ठिसूळ असतो, म्हणून त्यांना बोटांनी न उचलता मऊ कुंचल्याने किंवा ज्या पानावर ती बसली असतील त्या पानासह हलवावे. काकडी, दुधी भोपळा, गाजर, कोवळी पालेभाजी हे अन्न धुऊन द्यावे, उरलेले रोज काढावे. मीठ लागलेला पदार्थ प्राणघातक ठरतो. पाण्याची उघडी वाटी ठेवू नये, कारण तिच्यात पिल्ले बुडतात. हवा अत्यंत शुष्क झाल्यास ती शंखाच्या तोंडावर पातळ पडदा धरून निश्चेष्ट होतात. अशा वेळी ती मेली असे समजून टाकून न देता ओलावा वाढवून वाट पाहावी.

कोल्हार व प्रवरा खोरे : अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील, नगर-मनमाड मार्गावर प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारसारख्या गावी दारची माती डब्यात भरण्याचा मोह साहजिक आहे, परंतु तीविषयी विवेक हवा. येथील भारी काळी माती ओली असता चिकट होऊन हवा कोंडते आणि वाळली असता भेगाळते. दोन्ही अवस्था अंड्यांस बाधक आहेत, यास्तव तिच्यात चाळलेली वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळणे इष्ट. तिच्यातील चुनखडीचे खडे हा मात्र मोठा लाभ होय. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी हा अवर्षणाचा मुलूख बागायती केला, पण अतिसिंचनाने लाभक्षेत्रातील काही जमिनी क्षारपड झाल्या. तशा जमिनीची माती गोगलगायीस मिठाप्रमाणेच घातक ठरेल. कीटकनाशके फवारलेल्या उसाची वा डाळिंबाची मातीही वर्ज्य समजावी. उन्हाळ्यात डबा पत्र्याच्या छपराखाली न ठेवता रांजणाशेजारी, सावलीत ठेवावा.

शंखी गोगलगायीविषयी इशारा : पाळण्यास सुलभ म्हणून परदेशी लोकप्रिय झालेली हीच जाती येथे पिकांची शत्रू आहे. मृदुकाय प्राण्यांचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी 1847 मध्ये मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगी येथील बागेत सोडल्या गेल्या, आणि भारतातील तिच्या प्रसाराचा प्रारंभ तेथून मानला जातो. 2022 च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली व शासनास नुकसानभरपाई मंजूर करावी लागली. पाळीव प्राणी बाहेर सोडण्याचे परिणाम किती दूर जातात याचा दाखला अमेरिकेत आहे : 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीस आणलेल्या तीन गोगलगायी त्याच्या आजीने बागेत सोडल्या, सात वर्षांत त्यांच्या 18,000 हून अधिक झाल्या, आणि 1975 पर्यंत चाललेल्या निर्मूलनास सुमारे दहा लाख डॉलर लागले. यावरून प्रस्तुत नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत असे की, महाराष्ट्रात या जातीची अंडी उबवू नयेत. सापडल्यास ती फुटण्यापूर्वी साबणाच्या वा रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवून नष्ट करावीत, आणि संगोपनाचा छंद परिसरातील देशी जातींपुरता ठेवावा.

रोग : गोगलगाय हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलांस ती तोंडाजवळ नेऊ देऊ नये, कारण 1935 मध्ये कँटन येथील उंदरांत प्रथम वर्णिलेल्या फुप्फुसकृमीची अळी तिच्या शरीरात असू शकते व माणसात मेंदूच्या आवरणास दाह उत्पन्न करते. गोड्या पाण्यातील जातींविषयी महाराष्ट्रातील महत्त्वाचा दाखला रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावाचा आहे, जेथे 1952 मध्ये गाडगीळ व शाह यांनी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा रोगाचे स्थानिक केंद्र नोंदवले आणि फेरिसिया टेनुइस या चिमुकल्या शंखधारी प्राण्याकडे त्याचा वाहक म्हणून निर्देश झाला.

शंखाची दिशा : पिल्लाच्या शंखाचे वेटोळे उजवे होणार की डावे, हे काही जातींत पिल्लाच्या नव्हे तर मातेच्या जनुकांवरून ठरते, असे लिम्निया या गोगलगायीवरील 1923 च्या संशोधनाने दिसून आले.

गोड्या पाण्यातील जाती : पायला ही पाण्यात राहूनही काठच्या ओल्या मातीत अंडी घालते; ती अंडी पाण्यात बुडवू नयेत. बेलामिया मात्र पिल्लांनाच जन्म देते.

कायदा : अमेरिकेत परवान्यावाचून शंखी गोगलगाय बाळगण्यास मनाई आहे.