संगणकाचा पंचनामा

काम ऐन रंगात आलेलं असतं आणि संगणकाचा पडदा एकदम निळा होतो. आपण वैतागतो, बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू करतो. पण त्या निळ्या पडद्यामागे एक काम चाललेलं असतं. कोसळण्याच्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत जे होतं ते, सगळं किंवा निवडक, डिस्कवर उतरवून ठेवलं जातं. या फाइलीला 'डंप' म्हणतात. शब्द कचऱ्याच्या ढिगाचा, पण काम पंचनाम्याचं.

जुनं नाव 'कोअर डंप'. कोअर म्हणजे फेराइटची बारीक कडी. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जे फॉरेस्टर यांच्या चमूनं 'व्हर्लविंड' यंत्राला अशा कड्यांची स्मृती बसवली. मण्यांतून दोरा ओवावा तशा कड्यांतून तारा ओवायच्या. पुढे कारखान्यांतून हे ओवण्याचं काम मुख्यतः बायकांनी केलं. इतिहासात नावं राहिली ती साहेबांची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकातही फेराइट कड्यांचीच स्मृती होती, २०४८ शब्दांची. संगणकाचा शब्द म्हणजे ठरावीक लांबीची आकड्यांची ओळ. आम्हा कवींचा शब्द नव्हे!

वीज गेली तरी कड्यांमधलं पुसलं जात नसे. प्रोग्रॅम अडला की स्मृती आकड्यांच्या रूपात कागदावर छापून घ्यायची आणि पेन्सिल घेऊन वाचत बसायचं. मग बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' घडवलं. त्याच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत 'कोअर' नावाच्या फाइलीची नोंद आहे आणि ती तपासणारी 'डीबी' ही दोन अक्षरी आज्ञाही. पुढे कड्या गेल्या, सिलिकॉनच्या चिप आल्या, नाव मात्र टिकलं. आणे केव्हाच गेले, तरी आपण 'चार आणे' म्हणतोच की.

विंडोजमध्ये या पंचनाम्याची पहिली तपासणी 'डंपचेक' हे छोटं साधन करतं. ते लागतं कशाला? कोसळलेल्या यंत्राचा स्वतःच्या फाइलींच्या व्यवस्थेवरही भरवसा उरत नाही. म्हणून ते स्मृती आधी डिस्कवरच्या राखीव जागेत घाईघाईनं ओतून ठेवतं आणि पुन्हा सुरू झाल्यावर तिची रीतसर फाइल करतं. या दोन खेपांत जागा अपुरी पडू शकते, वीज जाऊ शकते. फाइल अर्धवट राहते. काळ्या खिडकीत 'डंपचेक' आणि फाइलीचं नाव टंकलं की ते फाइलीचा मथळा वाचतं, विंडोजची आवृत्ती आणि यंत्र थांबल्याचा सांकेतिक आकडा सांगतं, फाइल खराब असेल तर तसं कळवतं. गुन्हेगार शोधणं त्याचं काम नाही. त्यासाठी 'विनडीबीजी'सारखं मोठं साधन आहे. कागद धड आहे का, एवढंच हे पाहतं. फाटक्या पंचनाम्यावर खटला कसा उभा राहतो, ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा.

पंचनामा धड असला की काय हाती लागतं, ते १९ जुलै २०२४ नंतर दिसलं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. मायक्रोसॉफ्टनं कोसळलेल्या यंत्रांचे डंप उघडले, तेव्हा क्राउडस्ट्राइकचा ड्रायव्हर स्मृतीत आपल्या हद्दीबाहेर वाचायला गेल्याचं आढळलं. कंपनीनंही पुढे कारण सांगितलं : प्रोग्रॅमला २० बाबी पुरवल्या होत्या आणि तो एकविसावी वाचायला गेला.

पण पंचनाम्यात घरातलं सगळंच येतं. २०२३ मध्ये चोरलेल्या डिजिटल किल्लीच्या जोरावर सुमारे २५ संस्थांच्या ईमेल खात्यांत घुसखोरी झाली. अमेरिकन सरकारची खातीही त्यात होती. ही किल्ली एप्रिल २०२१ च्या एका डंपमध्ये राहून गेली असावी, असं मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबरमध्ये सांगितलं. मार्च २०२४ मध्ये मात्र, किल्ली असलेला असा डंप सापडलेला नाही, अशी दुरुस्ती तिला करावी लागली. तरी धोका खोटा नव्हे. कोसळते वेळी उघडं असलेलं पत्र, नुकताच टंकलेला पासवर्ड, हे सारं पूर्ण डंपमध्ये असू शकतं. दुरुस्तीवाल्यानं फाइल मागितली, तर छोट्या डंपवर भागेल का, हे आधी विचारावं. विंडोज २००० च्या काळात तो अवघा ६४ किलोबाइटचा असे.