हद्दीबाहेरचा गोवा

बेळगाव कॅम्प आणि गोवा म्हटलं की लोक थेट डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईवर येतात. लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरींचं मुख्यालय बेळगावात आलं, मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी पायदळ डिव्हिजन इथे जमली, सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र बंद पाडलं. या फौजेच्या आधीची पंधरा वर्षं मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या काळात गोव्याचं राजकारण, गोव्याची आकडेवारी आणि गोव्याच्या बातम्या गोव्याच्या हद्दीबाहेर राहून जिवंत ठेवल्या जात होत्या, आणि त्यातलं पुष्कळसं काम बेळगावच्या याच पट्ट्यात झालं.

याची सुरुवात त्याही आधी, त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांच्यापासून होते. पाँडिचेरी आणि पॅरिसला शिकलेल्या या इंजिनिअरने १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढली. दोनच वर्षांनी पोर्तुगालच्या सालाझारचा वसाहत कायदा आला. सभेला बंदी, छापण्याआधी सेन्सॉर. १९३४ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसनेही परक्या मुलखातली म्हणून या कमिटीची संलग्नता काढून घेतली. घरात सरकार विरोधात आणि बाहेर आधार गेलेला. एखादी संस्था इथेच संपली असती. कुन्हांनी मुंबई गाठली आणि १९३८ मध्ये कमिटी पुन्हा उभी केली.

मुंबईत त्यांनी अभ्यास केला आणि तो छापला. आसामच्या चहामळ्यांसाठी गोव्यातले कुणबी मजूर कसे नेले जातात, पोर्तुगीज शिक्षणाने गोमंतकीयांची मनं कशी घडवली, हे त्यांनी पुस्तिकांतून मांडलं. धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं हेच काम असतं. फक्त इथे पगारी नोकर नव्हते, इमारत नव्हती, आणि लिहिणाऱ्याला तुरुंग ठरलेला होता. जुलै १९४६ मध्ये कुन्हांना गोव्यात अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे या कार्यकर्त्यांनाही पोर्तुगालला धाडलं गेलं.

त्याच १९४६ मध्ये नॅशनल काँग्रेस (गोवा) स्थापन झाली ती खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याला. लोंढा हे जंक्शन. पुण्याकडून येणारी गाडी बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक करत मुरगावला उतरायची. माणूस, पत्रक, निरोप, सगळं याच लोहमार्गाने जायचं. १९५५ च्या गोवा सत्याग्रहानंतर ही वाट बंद झाली आणि बाहेरच्या संघटनांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता आत पोचायचं कसं?

उत्तर हवेतून आलं. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई या गोवामुक्तीच्या कार्यकर्त्यांचं गुप्त रेडिओ केंद्र सुरू झालं. १५१० मध्ये याच तारखेला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतला होता. दादरा-नगरहवेलीच्या लढ्यात पोर्तुगीजांकडून हाती लागलेल्या बिनतारी संचांतून हे केंद्र उभं केलेलं. आधी आंबोलीच्या रानात, पुढे कॅसलरॉकच्या जंगलात. पाऊस, जळवा, एकटेपणा. रोज जगभरच्या बातम्या ऐकायच्या, पोर्तुगीजांचा प्रचार टिपायचा, त्यातलं खोटं खोडून काढणारा मजकूर लिहायचा आणि कोकणी व पोर्तुगीजमध्ये वाचायचा. लिबियाबाईंनी महायुद्धाच्या काळात मुंबईत सेन्सॉरच्या कचेरीत इटालियन कैद्यांची पत्रं वाचण्याचं काम केलं होतं. मजकूर बारकाईने वाचण्याची ती सवय कॅसलरॉकच्या रानात कामी आली असणार. सहा वर्षं हे काम चाललं.

मधेच यजमानही बदलला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर आणि कॅसलरॉकचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाभागातला मराठी माणूस तेव्हा स्वतःच्याही लढ्यात होता. तरीही रेडिओ थांबला नाही. आसरा देणारं सरकार बदललं तरी आसऱ्यातलं काम चालू राहतं, ते ऐकणाऱ्याला त्या कामाची गरज असते म्हणून. बंदुकीच्या वाटेने गेलेलेही कमी शूर नव्हते, पण दिवसेंदिवस टिकली ती खरी माहिती पुरवणारी माणसं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि त्याची घोषणा लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिवर्धकावर केली. हद्दपारी संपली. घरी परतल्यावरचा काळ मात्र या संघटनांना कठीण गेला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. सत्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दयानंद बांदोडकरांकडे गेली.  लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली ती २०२५ मध्ये.

बेळगाव, खानापूर, लोंढ्यातल्या ज्या घरांनी त्या काळात गोव्याच्या माणसांना थारा दिला, त्यांच्या माळ्यावर अजून एखादं पत्रक, एखादं पत्र असू शकतं. ते रद्दीत देऊ नका. पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या.