समुद्रतळावरची पावसाची बखर

मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी जून उजाडला की गावाकडे फोन करून पहिला प्रश्न विचारतो, "पाऊस झाला का?" आम्ही राहतो तोआ पायोहला. 'तोआ' म्हणजे होक्कियन भाषेत मोठे आणि 'पायोह' म्हणजे दलदल. थोडक्यात, आमचा पत्ताच 'मोठी दलदल'! इथे पावसाला तोटा नाही. पण माझे मूळ गाव माणदेशातले. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आमच्या घरात अजून सांगितली जातात. त्यामुळे पावसाचा इतिहास हा माझ्या आवडीचा, खरे तर काळजीचा विषय आहे.

हा इतिहास किती मागे नेता येतो? मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. पावसाची पद्धतशीर मोजदाद तिथे सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधीचे काय? १६३०-३२ चा दुष्काळ आपल्याला तुकोबांच्या चरित्रातून ठाऊक आहे; त्यात त्यांची पहिली पत्नी गेली, व्यापार बुडाला. त्याहीआधी, १३९६ पासून, बारा वर्षे चालल्याचे सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ. पण हे सारे आठवणींच्या आणि दंतकथांच्या आधारावर. पावसाने स्वतः काही लिहून ठेवले आहे का?

ठेवले आहे, आणि तेही अरबी समुद्राच्या तळावरच्या चिखलात.

समुद्राच्या वरच्या थरात फोरॅमिनीफेरा नावाचे एकपेशीय जीव तरंगत असतात. वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहून लहान, आणि अंगावर चुन्याचे कवच. आयुष्य काही आठवड्यांचे. मेल्यावर रिकामे कवच खाली बुडते आणि काही दिवसांतच दोन-तीन किलोमीटर खोल तळाशी पोचते. वर्षानुवर्षे थरावर थर साचत जातात. १८७२ ते १८७६ या काळात जगप्रवास केलेल्या 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजावरील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की महासागराच्या तळाचा प्रचंड मोठा भाग अशा कवचांनीच व्यापलेला आहे.

या अभ्यासाचे एक मूळ आपल्या मुंबईतही आहे. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर १८४० च्या दशकात 'पॅलिन्युरस' या सर्वेक्षण जहाजाबरोबर अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावर फिरले. नोकरी शल्यविशारदाची, पण सूक्ष्मदर्शकाचे वेड! मुंबईच्या तलावांतले स्पंज, मुंबई बेटाचा भूगर्भ, सिंध आणि अरबस्तानच्या खडकांतले फोरॅमिनीफेरांचे जीवाश्म, या सगळ्यांवर त्यांनी लिहून ठेवले.

पुढचा मोठा टप्पा आला तो १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्याला गेल्यावर आपण सारे दोनापावलाला फोटो काढायला जातो. तिथेच या संस्थेचे मुख्यालय आहे.

१९८६ साली या संस्थेतल्या आणि जर्मनीतल्या हांबुर्ग विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी मिळून अरबी समुद्रात पश्चिम, मध्य आणि पूर्व अशा तीन ठिकाणी सापळे लावले. सापळा म्हणजे मोठे नरसाळेच. त्याच्या खाली बाटल्यांची फिरती चकती. साधारण दोन आठवडे झाले की चकती फिरते आणि नवी बाटली नरसाळ्याखाली येते. खाली नांगर, वर तरंगते गोळे, आणि मध्ये खोल पाण्यात हे यंत्र महिनोन्‌महिने एकटे उभे. जहाज परत आले की आवाजाच्या संकेताने नांगर सोडवायचा आणि सारे वर ओढून घ्यायचे. बाटल्या क्रमाने मांडल्या की समुद्राचे जणू पंचांगच हाती येते: कोणत्या पंधरवड्यात वरून काय पडले.

१९८९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की खाली पडणाऱ्या कणांचे प्रमाण एकदम वाढते, मधल्या काळात ओसरते आणि ईशान्य वाऱ्यांच्या वेळी पुन्हा काहीसे वर येते. कारण सरळ आहे. जून ते सप्टेंबर जोरदार वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतात, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. मग सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर जगणारे जीव वाढतात. पश्चिमेकडच्या सापळ्यांत त्या दिवसांत 'ग्लोबिजेरिना बुलॉइडिस' या जातीची कवचे भरभरून पडलेली दिसली. ही जात एरवी थंड समुद्रातली. हेच वारे पुढे कोकणावर येऊन आदळतात, सह्याद्रीवर कोसळतात, आणि उरले तर माणदेशाला शिंतोडे देतात!

सापळ्यांमुळे लिपी कळली. आता जुनी पाने वाचता येऊ लागली. ओमानजवळच्या तळातून १९८७ मध्ये काढलेल्या चिखलातली कवचे मोजून खरगपूरच्या आयआयटीचे अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की गेल्या दहा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा तेव्हा आपला मोसमी वारा मंदावला. कुठे अटलांटिक आणि कुठे आपले शिवार!

एक सावधगिरी मात्र हवी. कवचे सांगतात ती मुख्यतः वाऱ्याची कहाणी; पाऊस किती पडला ते थेट सांगत नाहीत. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत पावसाने दीर्घकाळ ओढ दिल्याचे त्यात दिसते. म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ ही नुसती दंतकथा नव्हे. ज्यांची नावेही उरली नाहीत अशा लाखो माणसांच्या हालांची नोंद दगडात राहिली आहे.

म्हणूनच हा अभ्यास मला केवळ शास्त्रज्ञांचा विरंगुळा वाटत नाही. वर्षानुवर्षे पाऊस रुसू शकतो आणि तसा तो पूर्वी रुसला आहे, हे ठाऊक असेल तर धरणे, पिके आणि विहिरी यांचे नियोजन दीडशे वर्षांच्या आकड्यांवर न सोडता अधिक दूरचा विचार करून करता येईल. आता तर समुद्र तापतो आहे आणि त्याच्या पाण्यातली आम्लता वाढते आहे. चुन्याचे कवच घडवणाऱ्या जीवांना ते जड जाते.

आपली मुले इथल्या शाळांत विज्ञान उत्तम शिकतात. त्यांना शिवरायांच्या बखरी सांगताना ही बखरही जरूर सांगावी. पुढच्या जूनमध्ये गावाकडे फोन कराल, तेव्हा अरबी समुद्रात त्या वर्षाचे पान लिहायला सुरुवात झालेली असेल.