रोगाचे चित्र आणि रोग्याचे मुख

रोगाचा इतिहास बहुधा वैद्यांच्या नावांनी लिहिला जातो. ज्यांच्या देहांवरून तो लिहिला गेला, ती माणसे मागे पडतात. नॉर्वेतील बर्गेन शहराचा कुष्ठरोगविषयक इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

तेथील सेंट यॉर्गेन रुग्णालयाचे धर्मगुरू वेल्हावेन यांनी १८१६ मध्ये रुग्णांच्या हालांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८४७ मध्ये डॅनिएलसेन व बोएक या वैद्यांच्या ग्रंथासोबत २४ शिलामुद्रित चित्रांचा संग्रह निघाला. ती चित्रे लोस्टिंग या चित्रकाराची होत. दूरच्या वैद्यालाही रोगाची लक्षणे ओळखता यावीत, हा अशा संग्रहांचा उपयोग. मुंबई इलाख्यात वैद्यकीय सेवा करणारे हेन्री कार्टर १८७३ मध्ये नॉर्वेस गेले आणि १८७४ मध्ये त्यांनीही कुष्ठरोगावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

दरम्यान छायाचित्रण पुढे आले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील हार्डी व मोंमेजा यांनी १८६८ मध्ये त्वचारोगांचा छायाचित्रसंग्रह काढला. त्या काळी छायाचित्रात रंग उतरत नसे, आणि त्वचेचा पालटलेला रंग तर निदानाचा मोठा आधार. म्हणून छापांवर हाताने रंग भरले जात. चित्रकार अनेक रोगी पाहून एक नमुना रेखाटू शके. कॅमेऱ्यापुढे मात्र एकच विशिष्ट मनुष्य बसे. अचूकता वाढली, तसा त्या मनुष्याचा आडोसाही गेला.

शोधक दृष्टी अनुमती विसरली म्हणजे काय होते, हे बर्गेनमध्येच दिसले. १८७३ मध्ये कुष्ठरोगाचे जंतू शोधणाऱ्या हान्सेन यांनी १८७९ मध्ये एका स्त्री-रुग्णाच्या डोळ्यात तिला न विचारता रोगद्रव्य टोचले. १८८० मध्ये न्यायालयाने त्यांना रुग्णालयाच्या वैद्यपदावरून दूर केले.

याच नॉर्वेने १८५६ पासून कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली. तीत रोगाबरोबर रुग्णाचे नाव व गावही आहे. बर्गेनचे हे कुष्ठरोग-दप्तर २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाले.

आपल्या सेवाकार्याच्या अहवालांत रुग्णांची छायाचित्रे छापताना हा इतिहास आठवावा. शुभवर्तमानात कुष्ठरोगी आधी विनंती करतो आणि मग प्रभू त्याला स्पर्श करतो (मार्क १:४०-४१). हा क्रम आपणही पाळावा. ज्याचे नाव आपण विचारले नाही आणि ज्याची अनुमती घेतली नाही, त्याचे मुख दाखविण्याचा अधिकार आपणास नाही.