दीडशे रुपयांची तोफ आणि लोकवर्गणीची समाधी



मोठ्या आवाजाच्या वक्त्यास आपण 'मुलुखमैदान तोफ' म्हणतो. ती तोफ एके काळी आपल्या तालुक्याच्या ठाण्यी, परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. उघड्या जबड्यात हत्तीस दाबून धरणारे तिचे श्वापदमुख म्हणजे धातुशिल्पाचा उत्कृष्ट नमुना होय. १६३२ मध्ये ती परंड्याहून विजापुरास नेण्यात आली. पुढे १८५४ मध्ये इंग्रजी अंमलात निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला. बोली चढली ती अवघी दीडशे रुपयांपर्यंत! बोली फारच अल्प, आणि लोकांची तिच्यावर श्रद्धा, हे पाहून एका अधिकाऱ्याने विक्री थांबविली, म्हणून ती वाचली. लोकांजवळ श्रद्धा होती. परंतु त्या श्रद्धेमागे उभा राहील असा निधी नव्हता.

निधी उभा राहिला म्हणजे काय घडते, हे रायगडाने दाखविले. १८६९ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी छत्रपतींचा पोवाडा प्रसिद्ध करून त्यांचे स्मरण जागविले. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने रायगडावरील समाधीच्या दुरवस्थेचे वर्णन करून महाराष्ट्रास लाजविले. सरकारने देखभालीसाठी मंजूर केले ते सालीना पाच रुपये! तेव्हा १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून हाक दिली. पुण्यास हिराबागेत सभा भरली, वर्गणी सुरू झाली, आणि १८९६ मध्ये प्रत्यक्ष गडावर उत्सव झाला.

मार्ग मात्र सुकर नव्हता. निधी ज्या डेक्कन बँकेत ठेवला होता, ती बुडाली. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा गेला, तरी कार्य सोडले नाही. पुन्हा वर्गणी जमविण्यात आली. १९२० मध्ये टिळक निवर्तले. समाधीचा जीर्णोद्धार त्यानंतर, त्याच दशकात पूर्ण झाला. ज्यांनी पहिला पैसा दिला, त्यांपैकी कित्येकांस तो पाहावयास मिळाला नसेल.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. वर्गणी देणारा त्या वास्तूचा राखणदार होतो. आणि निधीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच तिची सुरक्षितता व चोख हिशेब.

सोनारीस काळभैरवनाथाच्या चैत्री यात्रेत आपण उदार हस्ते खर्च करतो. त्यातील अल्पसा अंश गावोगावच्या जुन्या दीपमाळा, वीरगळ, वाड्यांच्या कोरीव चौकटी यांच्या रक्षणार्थ दरवर्षी बाजूस काढावा. जुन्या दगडास तैलरंग फासणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. जाणकाराचा सल्ला घेऊनच हात लावावा. आपल्या संघाने अशा निधीचे स्वतंत्र खाते उघडावे आणि त्याचा जमाखर्च याच स्मरणिकेत छापावा, ही नम्र विनंती. आपल्या वारशाची किंमत लिलावाच्या बोलीवरून ठरण्याची पाळी पुन्हा न येवो.