राजपुत्राचा मित्र

शेक्सपिअरचा सर जॉन फॉल्स्टाफ चारशे वर्षे जगाला हसवीत आला आहे. स्थूल देहाचा, मद्यपी, थापाड्या, तरीही लोभस असा हा म्हातारा सरदार राजपुत्र हेन्रीचा जिवलग सोबती. परंतु ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस राजपुत्राच्या मस्तकी मुकुट येतो आणि तो या मित्राला चारचौघांत दूर लोटतो. या विदूषकाच्या नावामागे एक खराखुरा माणूस होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्याची कहाणी आम्हा कॅथलिकांना अंतर्मुख करणारी आहे.

शेक्सपिअरने या पात्राला प्रथम सर जॉन ओल्डकासल असे नाव दिले होते. १५९६-९७ च्या सुमारास नाटक रंगभूमीवर आले. ओल्डकासलला विवाहामुळे मिळालेली लॉर्ड कोबम ही पदवी तेव्हा ज्या घराण्याकडे होती, त्या घराण्याने आक्षेप घेतला असे मानले जाते. १५९८ साली नाटक छापले गेले, तेव्हा ओल्डकासलचा फॉल्स्टाफ झाला होता.

खरा ओल्डकासल शूर योद्धा होता. वेल्सच्या मोहिमांत तो राजपुत्र हेन्रीच्या बाजूने लढला आणि त्याच्या विश्वासास पात्र ठरला. पुढे तो जॉन विक्लिफच्या अनुयायांचा, म्हणजे लोलार्डांचा, आश्रयदाता बनला. अभिषेकानंतरही भाकर ही भाकरच राहते आणि तारणासाठी धर्मगुरूपुढे पापनिवेदन आवश्यक नाही, अशी त्याची मते होती. १४१३ साली हेन्री राजा झाला. त्याने मित्राला तत्काळ झिडकारले नाही; उलट स्वतः त्याची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरल्यावर आर्चबिशप थॉमस अरुंडेल यांच्यापुढे चौकशी होऊन ओल्डकासल पाखंडी ठरला. मतपरिवर्तनासाठी त्याला चाळीस दिवसांची मुदत मिळाली. त्या अवधीत तो लंडनच्या टॉवरमधून निसटला. जानेवारी १४१४ मध्ये राजाविरुद्धचा उठाव त्याच्या नावाने उभा राहिला आणि फसला. जवळजवळ चार वर्षांनी तो पकडला गेला. १४ डिसेंबर १४१७ रोजी लंडनजवळ सेंट जाइल्सच्या मैदानात त्याला फासावर टांगून जाळण्यात आले. राजा त्या वेळी फ्रान्सच्या मोहिमेवर होता.

पुढे प्रॉटेस्टंट लेखक जॉन फॉक्सने त्याला हुतात्मा म्हणून गौरविले, तर रंगभूमीने त्याच्या नावाने विदूषक उभा केला. आम्हाला तो हुतात्माही वाटत नाही आणि विदूषकही नाही. ख्रिस्तप्रसादाविषयीचे त्याचे मत आम्ही स्वीकारू शकत नाही. राजद्रोहाचा आरोपही पोकळ नव्हता. परंतु पाखंड्यांना जाळण्याचा कायदा १४०१ सालापासून इंग्लंडमध्ये होता आणि त्यामागे ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांचा आग्रह होता, हेही विसरता येत नाही. सत्य आमच्याजवळ होते. ते राखण्यासाठी आम्ही चितेचा आधार घेतला.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येणार नाही, असे घोषित केले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेत वापरलेल्या हिंसेबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत ओल्डकासलचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो. फॉल्स्टाफला हसताना त्याच्यासाठी एक प्रार्थना म्हणावयास काय हरकत आहे?